सॅक मोजू नका, सामने मोजा : डिफेन्सिव्ह खेळाडूच्या करिअरविषयी

ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरातून एका आईने विचारलं आहे. मुलगा सोळा वर्षांचा, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात डिफेन्सिव्ह एंड खेळतो. खोलीच्या भिंतीवर ह्यूस्टन टेक्सन्स संघाकडून गाजलेल्या जे. जे. वॉटची ९९ नंबरची जर्सी आहे आणि हाच पेशा करायचा म्हणतो. बाबांचं म्हणणं, आधी इंजिनिअरिंग. घरात हा खेळ कुणीच खेळलेला नाही. म्हणून त्या विचारतात : या खेळाडूंचं करिअर खरोखर कसं असतं, किती वर्षं चालतं, शरीराचं काय होतं, आणि मी त्याला थांबवू का?

ताई, उत्तर लांबेल, कारण तुमच्या चारही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी बसलेली आहे. मी फिजिओथेरपी महाराष्ट्रात शिकले आणि गेली एकवीस वर्षं टेक्सासमध्ये अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणून काम करते. जिममध्ये व्यायाम करून घेणारा ट्रेनर वेगळा. मैदानावर मुलगा पडला की जो पहिल्यांदा धावत आत जातो, आणि पुढचे सहा महिने त्या मुलाला पुन्हा उभं करतो, तो अ‍ॅथलेटिक ट्रेनर. आधी शाळेत, मग कॉलेजच्या संघाबरोबर आणि आता क्लिनिकमध्ये, मी सगळ्यात जास्त शरीरं पाहिली ती डिफेन्सिव्ह लाईनच्या मुलांची. सामन्याच्या दिवशी दुपारी त्यांची रांग लागते. घोटे बांधायचे, मनगटं बांधायची, आणि बोटं दोन-दोन जोडून टेपने गुंडाळायची, कारण समोरच्याची जर्सी पकडताना बोटांचे सांधे निखळतात. त्यांच्या बोटांकडे बघून मी सांगू शकते कोण किती वर्षं खेळलाय.

आधी काम काय असतं ते सांगते, कारण नावावरून फसगत होते. डिफेन्स म्हणजे बचाव, पण डिफेन्सिव्ह एंडचं काम चढाईचं आहे. कबड्डी आठवा. तिथे चढाई करणारा एकटा समोरच्या अंगणात जातो आणि बचाव करणारे त्याची वाट बघतात. इथे उलटं. चेंडू समोरच्यांकडे, त्यांनी काय करायचं ते त्यांचं आधीच ठरलेलं, आणि ते माहीत नसताना हा त्यांच्या अंगावर जातो. मध्ये १३०-१४० किलोचा लाईनमन भिंतीसारखा उभा. त्याला बाजूला सारून क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापर्यंत, पोचायला साधारण अडीच सेकंद मिळतात. पोचून त्याला चेंडूसकट खाली आणलं, तर तो सॅक. दोघांनी मिळून आणलं तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा. बहुतेक वेळा तो पोचतच नाही. एका सामन्यात पन्नास-साठ वेळा तो असा आदळतो आणि त्यातून एखादा सॅक मिळाला तरी दिवस चांगला गेला म्हणायचा. चेंडू झेलणाऱ्या खेळाडूला एखाद्या डावात, म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतच्या काही सेकंदांत, कुणाचा धक्काही लागत नाही. लाईनवरच्याला तो प्रत्येक डावात लागतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच येतं.

आता वॉट. तुमच्या मुलाला त्याचे आकडे पाठ असतील, पण मी ते वेगळ्या क्रमाने सांगते.

तो विस्कॉन्सिनमधल्या प्यूवॉकीचा, जन्म मार्च १९८९ चा. वडील अग्निशमन दलात. लहानपणी तो आइस हॉकी खेळायचा, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. एकाच खेळात बालपण घालवलेल्या मुलांचे सांधे लवकर कुरकुरायला लागतात. २००७ मध्ये सेंट्रल मिशिगन विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली ती डिफेन्ससाठी नव्हे, टाइट एंड म्हणून, म्हणजे चेंडू झेलणारा आणि वाट अडवणारा गडी म्हणून. त्या मोसमात त्याचे झेल झाले आठ. शिष्यवृत्ती सोडून तो घरी आला, पिझ्झा हटचे पिझ्झे घरोघर पोचवले, आणि मग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संघात वॉक-ऑन म्हणून शिरला. वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या खर्चाने. पहिल्या वर्षी सामने नाहीत, फक्त सराव. पुढच्या आठवड्याच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच मुख्य संघाला तयार करायचं, असं ते स्काउट संघाचं काम. त्यानंतर दोनच मोसम तो विस्कॉन्सिनकडून खेळला. २०११ च्या ड्राफ्टआधीच्या, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधीच्या, चाचणीत त्याने १०२ किलोचा बार छातीवरून ३४ वेळा उचलला. टेक्सन्सनी त्याला पहिल्या फेरीत अकरावा निवडला, तेव्हा ह्यूस्टनमध्ये जमलेल्या चाहत्यांनी हुर्यो केली होती.

त्याच लोकांनी नऊ महिन्यांत त्याला डोक्यावर घेतलं. ७ जानेवारी २०१२, टेक्सन्सच्या इतिहासातला पहिलाच प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचा, सामना, समोर सिनसिनाटी बेंगल्स. मध्यंतर जवळ आलेलं, गुण १०-१०. बेंगल्सचा क्वार्टरबॅक अँडी डॉल्टन, तोही तुमच्याच भागातल्या केटीच्या शाळेतून वर आलेला. हा डाव मुलाला लावायला सांगा आणि वॉटचे फक्त पाय आणि हात बघा. तो डॉल्टनपर्यंत पोचलेला नाही. त्याला ते कळलंय. आपण पोचणार नाही हे कळल्यावर बहुतेक जण आणखी जोरात ढकलत राहतात. वॉट ढकलणं सोडतो, नजर क्वार्टरबॅकच्या खांद्यावर नेतो, आणि चेंडू हातातून सुटतो त्याच क्षणी दोन्ही हात वर करून उडी मारतो. अशा वेळी चेंडू नुसता थोपटून पाडला तरी खूप झालं. याने तो इतक्या जवळून दोन्ही तळव्यांत झेलला आणि २९ यार्ड धावत जाऊन टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. टेक्सन्स ३१-१० ने जिंकले. पुढच्या मोसमात त्याने असे १६ पास हवेत अडवले. टाइट एंड म्हणून वाया गेलेलं म्हणतात ते वर्ष मला त्या झेलात दिसतं.

पुढची चार वर्षं म्हणजे या जागेवर क्वचितच कुणी खेळलं असेल असा खेळ. २०१२ मध्ये २०.५ सॅक, २०१४ मध्ये पुन्हा २०.५. त्याच २०१४ मध्ये पाच टचडाऊन, त्यातले तीन तर आक्रमणाच्या बाजूने चेंडू झेलून. २०१२, २०१४, २०१५ अशा तीन वेळा तो लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. २०१४ मध्ये सर्वांत मौल्यवान खेळाडूच्या मतदानात अ‍ॅरन रॉजर्सच्या पाठोपाठ तो दुसरा आला. हा मान जवळजवळ नेहमी क्वार्टरबॅकला जातो, त्यामुळे डिफेन्सवाल्याने दुसरं येणं ही केवढी गोष्ट आहे ते मुलाला विचारा, तो तासभर बोलेल.

मी मात्र दुसराच आकडा बघते. २०११ ते २०१५, नियमित मोसमातले ८० पैकी ८० सामने तो खेळला. त्यानंतर २०१६ मध्ये ३, २०१७ मध्ये ५, २०१८ मध्ये १६, २०१९ मध्ये ८, २०२० मध्ये १६, २०२१ मध्ये ७, २०२२ मध्ये १६. एकूण १५१ सामने आणि ११४.५ सॅक. पहिल्या पाच वर्षांत एकही सामना चुकला नाही, पुढच्या सात वर्षांत ४३ चुकले. त्याच्या ११४.५ पैकी ७४.५ सॅक पहिल्या पाच वर्षांतले आहेत. हाच हिशेब तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, आणि हा माणूस या पेशातला अपवाद म्हणावा इतका यशस्वी आहे.

त्या ८० सामन्यांतही तो धडधाकट नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये मोडलेल्या हाताला प्लास्टर चढवून तो खेळला. जानेवारी २०१६ मध्ये प्लेऑफमध्ये जांघेचे स्नायू फाटले, शस्त्रक्रिया झाली. जुलैमध्ये पाठीच्या मणक्यातली गादी सरकल्याची शस्त्रक्रिया. सप्टेंबरमध्ये तो परत मैदानावर, तीन सामने, आणि पाठ पुन्हा गेली. पुन्हा शस्त्रक्रिया, मोसम संपला. आमच्या पेशातल्या डोळ्यांना हे सुटे सुटे अपघात दिसत नाहीत. लाईनमनला ढकलताना जोर पायातून निघतो, कंबरेतून वर चढतो आणि हातातून बाहेर पडतो. मधली कडी, म्हणजे जांघ आणि पोटाचे खालचे स्नायू, कमकुवत झाली की तो भार कण्यावर जातो. त्याच्या बाबतीत तसंच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मी त्याला तपासलेलं नाही. पण माझ्याकडे जांघ आधी आणि पाठ नंतर घेऊन आलेली मुलं इतकी आहेत की जांघेची तक्रार आली की मी पहिल्या दिवसापासून पाठीचे व्यायाम सुरू करते.

२०१७ तुम्हाला आठवत असेल, हार्वी वादळाचं वर्ष. ह्यूस्टनमधलं कुठलं मराठी घर त्या ऑगस्टमध्ये घाबरलं नव्हतं? वॉटने दोन लाख डॉलर जमवायचे म्हणून आवाहन केलं आणि ३ कोटी ७० लाखांच्या वर जमले. मोसमाअखेर समाजकार्यासाठीचा वॉल्टर पेटन पुरस्कार त्याला मिळाला. पण त्याआधी, पुरानंतर सहाच आठवड्यांनी, ८ ऑक्टोबरला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. नडगीच्या हाडाचं वरचं टोक सपाट असतं, मांडीचं हाड त्यावर टेकतं. ते सपाट टोकच फुटलं. या दुखापतीत कित्येक आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नसतो. मी अशा रुग्णाच्या मांडीचा घेर दर आठवड्याला टेपने मोजते. निरोगी पाय आणि मोडलेला पाय यांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडलेला असतो आणि पहिल्यांदा तो आकडा ऐकून भलेभले गडी रडतात. बार उचलून उचलून वर्षानुवर्षं कमावलेला स्नायू दीड महिन्यात वितळतो. तिथून वॉट २०१८ मध्ये परत आला, सगळे १६ सामने खेळला, १६ सॅक केले, आणि समोरच्यांच्या हातून ७ वेळा चेंडू पाडला. माझ्यासाठी त्याचं सगळ्यात मोठं वर्ष ते. २०१४ च्या शरीराची एवढी मोडतोड झालेली नव्हती.

२०१९ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीला टॅकल करताना, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडताना, छातीचा मोठा स्नायू फाटला. हात लांब पसरलेला, आणि त्याच हातावर पूर्ण वेगातला माणूस येऊन आदळला की हा स्नायू दंडाच्या हाडापासून तुटतो. माझ्या क्लिनिकमध्ये या शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा महिने पूर्ण जोराचा खेळ नाही. तो दहाच आठवड्यांत, ४ जानेवारी २०२० ला, बफेलोविरुद्धच्या प्लेऑफला उतरला. टेक्सन्स १३-० ने मागे होते, बफेलो पुन्हा टचडाऊनच्या तोंडाशी आलेले, आणि तिथे त्याने जॉश अ‍ॅलनला सॅक केला. सात गुणांऐवजी बफेलोला तीनच मिळाले. टेक्सन्स जादा वेळेत २२-१९ ने जिंकले. स्टेडियम कसं पेटलं होतं ते मुलाने पाहिलं असेल. त्याला एवढंच सांगा, की तीस वर्षांच्या, शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशी रोज बोलणाऱ्या आणि काय पणाला लावतोय हे माहीत असलेल्या माणसाचा तो निर्णय होता. सोळाव्या वर्षी हाडांची टोकं अजून वाढत असतात. त्या वयात असा निर्णय कुणीच घ्यायचा नाही.

शेवटही ऐका. ऑक्टोबर २०२१ मध्ये, आता अ‍ॅरिझोना कार्डिनल्सकडून खेळताना, आणि तेही टेक्सन्सविरुद्ध, त्याचा खांदा गेला. प्लेऑफला तो परत आला. सप्टेंबर २०२२ मध्ये हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले. बुधवारी त्रास झाला, गुरुवारी विजेचा झटका देऊन ठोके लयीत आणले, रविवारी तो खेळला. हे त्याने स्वतःच जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबरमध्ये, मुलगा झाला. डिसेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, जानेवारी २०२३ मधल्या शेवटच्या सामन्यातही दोन सॅक केले आणि ३३ व्या वर्षी थांबला. शेवटच्या मोसमात १२.५ सॅक करून, म्हणजे अजून मागणी असताना. तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, कधी खेळला नाही, त्याच्या आधीच्या कॉन्फरन्स फायनललासुद्धा पोचला नाही. ही रुखरुख त्याला असेल. पण स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या दिवशी मैदानाबाहेर जायला मिळणं हे डिफेन्सिव्ह खेळाडूच्या नशिबात फार कमी वेळा असतं.

आता पैसे, कारण बाबांना तेच विचारायचं असणार. २०१४ मध्ये वॉटचा सहा वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार झाला तेव्हा तो आकडा सगळीकडे छापून आला. त्यातली हमी होती निम्म्याच्या आसपास रकमेची. एनएफएलच्या, म्हणजे या व्यावसायिक लीगच्या, करारात वाचायचा शब्द ‘हमी’. उरलेला पैसा तुम्ही त्या वर्षी संघात असाल तर मिळतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने टेक्सन्सकडे स्वतःहून मोकळीक मागितली, तेव्हा त्या वर्षाच्या १ कोटी ७५ लाखांपैकी एक डॉलरही हमीचा नव्हता. त्याने मागितली नसती आणि संघानेच सोडलं असतं, तरी त्यातलं काही द्यावं लागलं नसतं.

वॉट शिखरावरचा माणूस. मधल्या पायरीवरचं उदाहरण म्हणून ब्रँडन चिलार सांगते, कारण त्याचे वडील भारतीय आहेत आणि आपल्याकडे त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. तो लाईनबॅकर, म्हणजे डिफेन्सिव्ह लाईनच्या मागे उभा राहणारा. यूसीएलए विद्यापीठातून २००४ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत सेंट लुईस रॅम्सनी घेतला, २००८ मध्ये ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. डिसेंबर २००९ मध्ये चार वर्षांची मुदतवाढ मिळाली. २०१० मध्ये खांद्याच्या दुखापतीने मोसम संपला. फेब्रुवारी २०११ मध्ये पॅकर्स सुपर बोल जिंकले तेव्हा तो जखमींच्या यादीत होता, आणि जुलै २०११ मध्ये संघाने त्याला मोकळं केलं. चार वर्षांचा करार दीड वर्ष टिकला. सात मोसमांचं करिअर, तेही चांगलं म्हणावं असं. खेळाडूंची संघटना सरासरी सांगते ती ३.३ वर्षांची. निवृत्तिवेतनाचा हक्क लागायला तीन मोसम लागतात, म्हणजे सरासरी खेळाडू तो उंबरठा जेमतेम ओलांडतो.

तिथवर पोचणंच किती कठीण आहे यात मी फार वेळ घालवत नाही. देशभरात शाळेत हा खेळ खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास, आणि दर वर्षी ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत नावं पुकारली जातात ती सुमारे अडीचशे. संघात जागा ५३. त्याखाली सराव संघ, जिथे आठवड्याचा पगार मिळतो आणि कुठल्याही मंगळवारी तो बंद होऊ शकतो. एक गोष्ट मात्र बाबांना दिलासा देईल. शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये जाताच येत नाही. म्हणजे कॉलेज टळत नाही. इंजिनिअरिंग की फुटबॉल हा वाद आज घालायची गरजच नाही. दोन्ही असलेलं कॉलेज निवडायचं, एवढंच.

डोक्याबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलेलं नाही, पण ‘शरीराचं काय होतं’ याच्या मागे तीच भीती असणार. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १११ माजी एनएफएल खेळाडूंचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, आणि त्यातल्या ११० मध्ये सीटीई, म्हणजे वारंवार मार बसून होणारा मेंदूचा ऱ्हास, आढळला. हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले, आणि ज्यांना घरच्या माणसात बदल दिसला होता त्यांनीच बहुधा दान केलेले. तेव्हा शंभरातल्या नव्व्याण्णवांना होतो असा त्याचा अर्थ नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखंही ते नाही. यात लाईनवरच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना बेशुद्ध पाडणारा एक मोठा मार क्वचित बसतो. बसतात ते लहान लहान, प्रत्येक डावात, ज्यानंतर ते उठतात आणि पुढच्या डावाला उभे राहतात. अशा माराची नोंद कुठेच होत नाही. तो कमी करायचा एकच मार्ग मला माहीत आहे, सरावातली धडक कमी करणं. कोच आठवड्यात किती वेळ पूर्ण धडकेचा सराव घेतात हे तुम्ही आई म्हणून विचारू शकता, आणि विचारायलाच हवं. कॅरोलायना पँथर्सचा ल्यूक कीकली, त्या काळातला सर्वोत्तम लाईनबॅकर, जानेवारी २०२० मध्ये २८ व्या वर्षी निवृत्त झाला. डोक्याला मार बसून तो तीन मोसमांत सामने मुकला होता. ख्रिस बोरलँड तर २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडून एकच मोसम खेळून, डोक्याच्याच काळजीने थांबला. या दोघांची नावं घरात वॉटच्या नावाइतक्याच आदराने घ्या.

आता माझ्या मैदानावरची एक रात्र. संघाचं नाव सांगत नाही. शुक्रवारचा सामना, तिसरा क्वार्टर. आमचा डिफेन्सिव्ह एंड टॅकल करून उठला आणि उजवा हात लोंबकळत ठेवून बाहेर आला. येताना बोटं झटकत होता, जणू हातावर गरम पाणी सांडलंय. याला आम्ही स्टिंगर म्हणतो. मान एका बाजूला झटक्याने वाकते, खांदा दुसरीकडे दाबला जातो, आणि मानेतून हातात जाणारी नस ताणली जाते. मी विचारलं, तो म्हणाला, काही नाही. हात वर कर म्हटलं. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. मी त्याच्या दंडावर दोन बोटांनी दाब दिला, हात खाली गेला. मग मी आम्ही सगळे करतो ते केलं, त्याचं हेल्मेट काढून घेतलं. हेल्मेट हातात असेल तर मुलं गर्दीतून हळूच पुन्हा मैदानात शिरतात. तो माझ्यावर ओरडला. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये आल्यावर कळलं की त्या मोसमातली ही चौथी वेळ. आधीच्या तिन्ही त्याने अंगावर काढल्या होत्या. तीन महिने त्या खांद्यात ताकद नव्हती. कॉलेजवाले त्याला बघायला येणार होते ते आठवडे याच तीन महिन्यांत आले आणि गेले.

दुखणं अंगावर काढणं हे आपल्या घरांतही मोठेपणाचं मानतात. माझ्या आईनेही तेच केलं. या खेळात तर त्याची पूजा होते, आणि वॉटच्या प्लास्टरच्या हाताच्या चित्रफितीही त्यासाठीच फिरतात. पण त्याचं करिअर बारा वर्षं चाललं ते त्या हातामुळे नाही. २०१७ नंतरच्या उन्हाळ्यात, कुणी बघत नसताना, त्या मांडीचे सेंटीमीटर परत मिळवण्यामुळे चाललं.

म्हणून, थांबवू का? माझं मत, नको. सोळाव्या वर्षी, स्वतःहून, एवढ्या जिवाने तो एका गोष्टीमागे लागलाय. पण दोन गोष्टी या महिन्यात करा. शाळेत पूर्णवेळ अ‍ॅथलेटिक ट्रेनर आहे का, आणि मैदानाच्या कडेला एईडी, म्हणजे बंद पडलेलं हृदय सुरू करणारं यंत्र, कुठे ठेवलंय, हे स्वतः जाऊन बघा. २ जानेवारी २०२३ ला बफेलोचा सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा, डमार हॅमलिन एक साधं टॅकल करून उठला आणि कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या धक्क्याने हृदय थांबलं होतं. त्याला वाचवलं ते मैदानातच लगेच छाती दाबायला सुरुवात केलेल्या ट्रेनरने, आणि पुढच्या मोसमात तो पुन्हा खेळला. ऑगस्टमधल्या सरावाला बर्फाच्या पाण्याचा टब भरलेला असतो का तेही बघा. टेक्सासच्या उन्हात उष्माघात झालेल्या मुलाला आधी टबात घालायचं असतं, रुग्णवाहिका नंतर.

दुसरी गोष्ट मुलाशी बोलायची, आणि ती बाबांनी बोलावी असं मला वाटतं. हात बधिर झाला, मानेत वीज गेल्यासारखं झालं, डोकं दुखलं, उजेड सहन होईना, तर त्याच डावात बाहेर यायचं आणि सांगायचं. घरी आल्यावर नाही, सोमवारी नाही. बाहेर आल्यावर घरात कुणी त्याला भित्रा म्हणणार नाही, आणि फुटबॉलही बंद करणार नाही, हे आधी कबूल करा. मुलं लपवतात ती वेदनेला घाबरून नाही, खेळ बंद होईल याला घाबरून. ट्रेनरला तुमचा फोन नंबर देऊन ठेवा आणि पुढच्या सराव सामन्याला जमलं तर दोघंही जा. तो कुठे उभा राहतो ते त्याला आधी विचारून घ्या, म्हणजे चेंडूकडे न बघता त्याच्याकडे बघता येईल.